जिन्यातली पावलं

"लहान आहे तो, त्याला काय कळतंय?" घरात हाणामारी झाली की हे वाक्य हमखास ऐकू येतं. लालबागला आमच्या चाळीत शेजारी सात वर्षांचा मुलगा होता. रात्री लाकडी जिना वाजला की त्याचा हात वहीवर थांबायचा. बाबा आज पिऊन आलेत की नाही, हे त्याला तिसऱ्या-चौथ्या पायरीलाच कळायचं. आम्हाला ती पावलं रोजच्यासारखीच वाटायची.

अमेरिकेत सेथ पोलॅक आणि पवन सिन्हा यांनी २००२ साली मुलांना चेहऱ्यांची अंधूक, हळूहळू स्पष्ट होत जाणारी चित्रं दाखवली. मार खाल्लेल्या मुलांनी रागावलेला चेहरा इतरांच्या आधी ओळखला. २०११ साली लंडनमध्ये घरातली हिंसा सोसलेल्या मुलांचे मेंदू स्कॅनरमध्ये तपासले. रागीट चेहरा दिसताच त्यांच्या मेंदूतल्या अमिग्डाला या भागाने जास्त जोरात प्रतिसाद दिला. लढाईवरून परतलेल्या सैनिकांतही असंच दिसलं होतं. आणि ही मुलं आजारी नव्हती!

अमिग्डाला म्हणजे मेंदूतला बदामाएवढा पहारेकरी. त्याने धोका ओळखला की हायपोथॅलॅमस हा मेंदूतलाच दुसरा भाग पियुषिका ग्रंथीला निरोप देतो, ती मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीला, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उतरतं. ते पुरेसं झालं की मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातले ग्राहक (रिसेप्टर) ते टिपतात आणि ही साखळी थांबवायला मदत करतात. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते: संप्रेरक स्वतःच स्वतःला आवरतं. पण रोज रात्री भीती असेल तर हा ब्रेक बिघडतो. काहींचं कॉर्टिसॉल चढंच राहतं, काहींचं उलट गरज असतानाही चढत नाही.

असा मेंदू घेऊन मूल शाळेत जातं. बाईंचा आवाज चढला, मागे बाक सरकला, की गणित सुटतं आणि कान तिकडे. शेरा मिळतो, "लक्ष नाही." रात्री ते दचकून उठतं, अंथरूण ओलं करतं, मग बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावतात, दृष्ट काढतात. याचा मला मनापासून संताप येतो. ज्या घरात मूल घाबरलंय, तिथेच त्याला आणखी एक भूत दाखवायचं?

विश्वासाचं मोठं माणूस जवळ असलं की मुलाचं कॉर्टिसॉल कमी चढतं, हे मोजून पाहिलेलं आहे. चाळीत शेजारी हाणामारी सुरू झाली की माझी आई दार लोटून घेत नसे. तो मुलगा बहिणीला घेऊन आमच्याकडे येऊन बसायचा. आज असं मूल दिसलं तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर शेजाऱ्यांनाही लावता येतो, फुकट, रात्रीसुद्धा.