जुनी चेनसॉ की नवी: कापण्याच्या वेगावरून चालणाऱ्या वादाची पार्श्वभूमी

‘जुन्या मशीनला जो दम होता तो नवीत नाही’, हे चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत, चालवणाऱ्यांच्या तोंडी असलेलं वाक्य निखालस खोटं नाही. पण ‘दम नाही’ ही तक्रार ज्या मशिनींना खरोखर लागू पडते, त्या साधारण १९९५ ते २०१० या काळातल्या आहेत. त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या मशिनींची गोष्ट वेगळी आहे.

फार मागे जायची गरज नाही. १९२०च्या दशकात जर्मनीत निघालेल्या पेट्रोलवरच्या चेनसॉ पन्नास किलोंच्या आसपास भरायच्या आणि त्या धरायला दोन माणसं लागायची. कापण्याचा खरा फरक पडला तो इंजिनामुळे नव्हे, साखळीमुळे. सुरुवातीच्या साखळीचे दात दुमाणशी करवतीसारखे होते: काही लाकूड ओरबाडायचे, काही भुसा बाहेर ओढायचे, आणि धार लावण्यात बराच वेळ जायचा. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या एका लाकूडतोड्याने बुंधा पोखरणारी अळी निरखून पाहिली. तिचे जबडे डावीकडे-उजवीकडे चालतात हे पाहून त्याने आळीपाळीने डावे-उजवे दात असलेली साखळी बनवली आणि १९४७ साली विक्रीला काढली. आजच्या साखळ्या तिच्याच वंशातल्या.

या साखळीत प्रत्येक दाताच्या पुढे एक उंचवटा असतो. तो दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असतो आणि दात लाकडात किती खोल शिरेल ते तोच ठरवतो. दाताचा माथा मागे उतरता असल्यामुळे कानस मारत गेलं की दात बुटका होत जातो. उंचवटा मात्र तसाच राहिला तर हे अंतर मिटत जातं, दात लाकडावरून नुसता घासत जातो आणि ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागतो. जुन्या-नव्याच्या बहुतेक तुलना इथेच फसतात. एका मशीनवर नवीकोरी साखळी, दुसरीवर चार वेळा घासलेली, आणि निकाल मात्र इंजिनाच्या नावावर. त्यातून लाकूड साग असेल तर त्यातल्या सिलिकामुळे धार लवकर जाते, म्हणजे एकच साखळी वापरली तरी दुसऱ्या नंबरने कापणारी मशीन हरणारच.

१९५९ साली गिअरशिवाय थेट साखळी फिरवणारी १०६ सीसीची, सहा अश्वशक्तीची, बारा किलोंची जर्मन मशीन आली. तिच्याच घराण्यातली स्टिल कंपनीची ०७० उष्ण कटिबंधातल्या जंगलांत पुढे कित्येक दशकं चालली. अजूनही जुने लोक तिचंच नाव घेतात. तिची पूर्ण ताकद मिळते ती मिनिटाला ७,००० फेऱ्यांच्या आसपास. साखळी फिरवणारं सात दातांचं चाक (स्प्रॉकेट) आणि ०.४०४ इंच पिचची, म्हणजे कड्यांमधल्या तेवढ्या अंतराची, साखळी धरली तर साखळीचा वेग सेकंदाला सुमारे १७ मीटर पडतो. नंतरच्या मोठ्या मशिनी ३/८ इंच पिचच्या साखळीवर लाकडात ९,५०० फेऱ्यांना चालल्या तरी हा आकडा २१ मीटरवर जातो. जुनी मशीन अंगाचा भार टाकून दाबली तरी बंद पडत नाही. नवी मात्र वेगावर कापते, दाबली की तिच्या फेऱ्या पडतात आणि ‘दम नाही’ असा शेरा मिळतो. जुन्या हाताची ही सवय बऱ्याच तुलनांचा निकाल आधीच ठरवून टाकते.

आता मूळ भांडणाकडे. चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनात हवा आणि पेट्रोलचं ताजं मिश्रण आत येत असताना धूर बाहेर जायची वाटही उघडीच असते, त्यामुळे इंधनाचा पाव ते एक तृतीयांश भाग न जळताच निसटतो. कॅलिफोर्नियाने १९९५पासून, अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९९७पासून आणि युरोपने २००२च्या निर्देशानंतर यावर मर्यादा घातली. नियम योग्यच होता, कारण तो धूर सगळ्यात आधी मशीन धरणाऱ्याच्याच छातीत जातो. चुकलं ते कंपन्यांनी काढलेल्या पहिल्या तोडग्यात. त्यांनी मिश्रणातलं पेट्रोल कमी केलं, सायलेन्सर आवळले आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या कार्बोरेटरच्या स्क्रूवर प्लास्टिकच्या टोप्या बसवून तो ठरावीक मर्यादेपुढे फिरणारच नाही अशी सोय केली. पेट्रोल कमी म्हणजे त्यात मिसळलेलं ऑइल आणि थंडावाही कमी. पिस्टन तापून मशिनी सीझ, म्हणजे जाम, होऊ लागल्या. हवामान किंवा उंची बदलली तरी ट्यूनिंग फारसं हलवता येईना. महाड आणि महाबळेश्वर यांच्या उंचीत १,३०० मीटरांच्या आसपास फरक आहे. खाली नीट लावलेली मशीन वर विरळ हवेत जास्त पेट्रोल खाते आणि घुसमटते, तेव्हा स्क्रू फिरवावाच लागतो. मग लोकांनी पकडीने टोप्या उपटल्या, सायलेन्सरला भोकं पाडली. त्यामुळे या पिढीतली कुठली मशीन मूळ अवस्थेत होती आणि कुठली मोकळी केलेली, हेच तुलनांमध्ये कळेनासं झालं.

उपाय नंतर मिळाला. मिश्रणाच्या आधी नुसत्या हवेचा थर सिलिंडरमध्ये सोडायचा, म्हणजे निसटली तर हवा निसटते. सुरुवातीला अशा मशिनी रेस द्यायला सुस्त वाटायच्या. २०१०च्या आसपास स्वतःच मिश्रण जुळवणारे, चिप असलेले कार्बोरेटर आले आणि ती तक्रार बरीच कमी झाली. स्टिल ०६६ म्हणजे ९१.६ सीसी, ५.२ किलोवॉट. तिच्या जागी आलेली एमएस ६६१ म्हणजे ९१.१ सीसी, ५.४ किलोवॉट. एवढ्याशा फरकाने एकाच ओंडक्यावर, एकाच साखळीने, घड्याळात फार काही दिसणार नाही. नफा आहे तो पेट्रोलमध्ये आणि धुरात. २०१९च्या सुमारास आलेल्या कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या, एमएस ५००आयने मात्र ७९.२ सीसीत ५ किलोवॉट दिले, तेही ६.२ किलो वजनात. ०६६ला जवळपास तेवढ्याच ताकदीसाठी ७.३ किलो लागायचे. दिवसभर मशीन उचलणाऱ्याच्या खांद्याला हा किलोभराचा फरक चांगलाच कळतो.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. बाजारात ‘नवी’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त ५८ सीसी चिनी मशिनींची रचना जुन्या जपानी मॉडेलवर बेतलेली आहे. हवेचा थर नाही, चिप नाही, सगळं ट्यूनिंग स्क्रूवर. निसर्ग आणि तौक्ते वादळांनंतर आडवे झालेले आंबे-फणस कापायला कोकणात अशा मशिनी घेतलेल्या माणसाचं ‘नव्यात दम नाही’ हे मत ज्या रचनेबद्दल असतं, ती मुळात जुनीच आहे.