दवाखान्याच्या उत्पन्नाची संगणकीय नोंद (मराठवाडा)

दवाखान्यात रोज जमणाऱ्या पैशांचा हिशोब रुग्णाच्या नोंदीशी जोडून ठेवण्याची पद्धत. व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये नंबर लावणे, केस पेपर, औषधचिठ्ठी आणि बिल एकाच ठिकाणी असल्याने कोणत्या रुपयामागे कोणता रुग्ण आणि कोणते काम, हे शोधता येते. संध्याकाळी गल्ला मोजून वहीत आकडा लिहिला, तर एवढा माग लागत नाही.

या हिशोबाचा गाभा म्हणजे आकारणी आणि वसुली यांतला फरक. तपासणी, ड्रेसिंग, सलाईन, ईसीजी यांच्या ठरलेल्या दरांनी बिल होते ती आकारणी. प्रत्यक्ष हाती पडते ती वसुली. मधल्या रकमेसाठी सूट, माफी आणि येणे बाकी असे वेगळे रकाने हवेत. ते एकत्र केले की बुडालेले पैसे आणि सोडून दिलेले पैसे सारखेच दिसू लागतात. मराठवाड्यात तालुक्याच्या गावी उधारी नेहमीचीच. ‘सोयाबीन मोंढ्यावर (धान्याच्या घाऊक बाजारात) गेलं की देतो, डॉक्टरसाहेब’ म्हणणारा रुग्ण बहुतेकदा देतोही. पावसाळ्यात तापाच्या साथींनी ओपीडी भरते आणि बाकी वाढते. ऑक्टोबरात सोयाबीन, मागोमाग कापूस विकला की ती फिटू लागते. त्यामुळे ६० दिवस थकलेली रक्कम लाल रंगात दाखवणारा तयार अहवाल इथे फसवा ठरतो. बीडकडच्या ऊसतोड मजुरांचे गणित आणखी निराळे: मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ मजुरी, हाती आली तेव्हा बाकी दिली नाही, तर ती गळीत हंगाम संपवून ते परत येईपर्यंत अडकते. उत्पन्नाची तुलनाही मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, आणि आठवडी बाजाराच्या दिवसाची बाजाराच्याच दिवसाशी.

दिवसअखेरीस रोख रक्कम गल्ल्याशी आणि यूपीआयची रक्कम बँक खात्याशी जुळवतात. घोळ होतो तो यूपीआयमध्ये. वडील गावात तपासून घेतात, पैसे पुण्यातला मुलगा पाठवतो; खात्यात नाव मुलाचे, बिलावर वडिलांचे. व्यवहार क्रमांकाचे शेवटचे आकडे बिलावर टाकले की हे सुटते.

जमा झालेला प्रत्येक रुपया दवाखान्याचा नसतो. रक्ताचा नमुना घेऊन बाहेरच्या लॅबला पाठवला, तर लॅबचे पैसे ‘देणे’ म्हणून दाखवावेत. शेजारच्या मेडिकलची विक्रीही वेगळी ठेवावी, कारण उपचारसेवेला जीएसटीतून सूट आहे, दुकानातल्या औषधविक्रीला सरसकट नाही. रुग्ण पाठवल्याबद्दलच्या ‘कट’ला मात्र कोणताच रकाना नाही, वैद्यक व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांनी तो घेण्यादेण्यास मनाई केली आहे.

१९६१ च्या आयकर कायद्याखालील नियमांनी डॉक्टरांसाठी ‘३सी’ नमुन्याची दैनिक नोंदवही सांगितली होती. तारीख, रुग्णाचे नाव, सेवेचे स्वरूप, मिळालेली फी आणि ती मिळाल्याची तारीख हे तिचे रकाने सॉफ्टवेअरच्या रोजच्या अहवालातून सहज भरतात.

बिल पुसण्याची सोय कोणालाच नसावी. ते रद्द करता यावे, पण कारण आणि रद्द करणाऱ्याचे नाव नोंदवूनच; मग तो कंपाउंडर असो की खुद्द डॉक्टर. वीज किंवा इंटरनेट गेल्यावर हाताने फाडलेली पावती त्याच तारखेला, तिच्या क्रमांकासह चढवावी, नाहीतर ती दुसऱ्या दिवशीच्या उत्पन्नात मिसळते.