इमर की इम्युटेबल जेएस, हा प्रश्न आला कुठून?

इमर आणि इम्युटेबल जेएस या जावास्क्रिप्टमध्ये डेटा जागेवर न बदलता सांभाळायच्या दोन लायब्ररी. नवीन प्रोजेक्ट सुरू झाला की स्टेटसाठी, म्हणजे अॅपच्या चालू डेटासाठी, कुठली लायब्ररी घ्यायची हा विषय निघतोच आणि "सगळे इमर वापरतात, आपणही तेच घेऊ" म्हणून संपतो. उत्तर चूक नाहीये, पण ते आलं कसं हे माहीत असेल तर ते कुठे चालणार नाही हेही कळतं.

मुळात जुना डेटा न बदलता नवी प्रत बनवायची ही कल्पना जावास्क्रिप्टची नाहीच. फिल बॅगवेल यांनी 2001 मध्ये हॅश ट्रायवर, म्हणजे नोंदी झाडासारख्या रचनेत ठेवायच्या पद्धतीवर, पेपर लिहिला, आणि रिच हिकी यांनी 2007 मध्ये क्लोजर भाषा आणली तेव्हा तीच रचना न बदलणाऱ्या डेटासाठी वापरली. झाडाच्या प्रत्येक नोडला 32 फांद्या, म्हणजे दहा लाख नोंदी असल्या तरी खालपर्यंत साधारण 4 पायऱ्या, आणि एक नोंद बदलली की फक्त त्या वाटेवरचे नोड नवीन बनवायचे, बाकी सगळं झाड जुनी आणि नवी प्रत मिळून वापरतात.

मे 2013 मध्ये फेसबुकचं रिअॅक्ट, म्हणजे स्क्रीन छोट्या कंपोनंटमधून (तुकड्यांमधून) बनवायची लायब्ररी, ओपन सोर्स झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डेव्हिड नोलेन यांनी क्लोजरस्क्रिप्टमधून (जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होणारी क्लोजर) रिअॅक्ट वापरणारी ओम ही लायब्ररी आणली आणि मला तरी या सगळ्या इतिहासातला हाच सगळ्यात भारी टप्पा वाटतो, कारण तोपर्यंत न बदलणारा डेटा म्हणजे स्लो असंच बरेच जण धरून चालायचे आणि इथे उलटंच दिसलं. डेटा जागेवर बदलतच नसेल तर आत शिरून तुलना कशाला करायची, रेफरन्स, म्हणजे मेमरीतला पत्ता, तोच आहे ना एवढं बघायचं, तोच असेल तर तो अख्खा कंपोनंट सोडून द्यायचा.

मग 2014 मध्ये फेसबुकमधल्या ली बायरन यांची, त्याच झाडावर बांधलेली इम्युटेबल जेएस आली, आणि 2015 मध्ये डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांचं रिडक्स, म्हणजे अॅपची सगळी स्टेट एका जागी ठेवणारी लायब्ररी. रिड्यूसरने (नवीन स्टेट ठरवणारं फंक्शन) जुन्या स्टेटला हात न लावता नवीन स्टेट परत द्यायची हा नियम तेव्हा घरोघरी पोचला. पण तीन लेव्हल आतली एक व्हॅल्यू बदलायला स्प्रेडवर स्प्रेड (तीन टिंबांनी ऑब्जेक्ट कॉपी करणं) लिहावे लागायचे, त्यामुळे लोक इम्युटेबल जेएसकडे वळले.

तिथे वेगळीच अडचण होती. तिचा मॅप म्हणजे साधा ऑब्जेक्ट नाही, डॉट लावून काही मिळत नाही, सगळीकडे गेट आणि गेट-इन. बाहेरच्या कंपोनंटला डेटा द्यायचा तर टू-जेएस करा, म्हणजे परत साध्या ऑब्जेक्टमध्ये बदला. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये आम्ही नेमकं तेच कनेक्टच्या (रिडक्सची स्टेट कंपोनंटला जोडणारं फंक्शन) आत केलं होतं, त्यामुळे प्रत्येक वेळी नवीन ऑब्जेक्ट बनायचा, रेफरन्स कधीच जुळायचा नाही आणि स्क्रीनवरचं सगळं परत परत रेंडर व्हायचं. ज्या फायद्यासाठी लायब्ररी आणली तोच आम्ही स्वतः घालवला होता, आणि कारण सापडायला दोन दिवस गेले.

2018 च्या सुमारास मोबएक्स या स्टेटच्याच लायब्ररीवाले मिशेल वेस्टस्ट्राटे यांनी इमर आणलं तेव्हा ही अडचणच गेली. ईएस 2015 (जावास्क्रिप्टची आवृत्ती) मधलं प्रॉक्सी, म्हणजे ऑब्जेक्टवर होणारे बदल मधेच पकडायची सोय, वापरून ते तुम्हाला एक ड्राफ्ट (कच्ची प्रत) देतं, त्यावर नेहमीसारखं लिहा, जेवढ्या भागाला हात लागला तेवढ्याचीच कॉपी होते आणि बाहेर येतो तो साधाच ऑब्जेक्ट. 2019 मध्ये रिडक्सचाच तयार संच, रिडक्स टूलकिट 1.0, आलं त्यात इमर आतच होतं, मग वेगळं निवडायचं कारणच उरलं नाही.

भाषेतच सोय व्हावी म्हणून रेकॉर्ड आणि टपल या न बदलणाऱ्या ऑब्जेक्ट आणि अॅरेचा प्रस्ताव होता, मी त्याची खूप वाट बघितली, पण एप्रिल 2025 मध्ये तो मागे घेतला गेला. म्हणजे लायब्ररी अजून लागतेच.

एका गोष्टीत मात्र इमर कमी पडतं. एकाच ऑब्जेक्टमध्ये पन्नास हजार नोंदी असतील आणि त्यातली एखादी सतत बदलत असेल, तर इमर दर वेळी त्या लेव्हलची पूर्ण कॉपी करतं, बॅगवेलच्या झाडात मात्र थोडेच नोड बदलतात. म्हणून लाइव्ह डेटाच्या मोठ्या टेबलसाठी मी आजही तेवढ्या भागापुरता इम्युटेबल जेएसचा मॅप ठेवतो, आणि टू-जेएस कुठेच करत नाही, जी रो दाखवायची तेवढीच गेटने काढतो.