रात्रीची लाईन आणि नानांची साखर

अमळनेरजवळच्या आमच्या गावात शेतीची लाईन, म्हणजे पंपाची वीज, आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री असते. रात्रपाळी आली की माझे मोठे काका, नाना, जेवून बॅटरी घेऊन गव्हाला पाणी भरायला जातात. त्यांना मधुमेह आहे आणि रात्री जेवणाआधी इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. रिपोर्टात तीन महिन्यांची साखर वाढलेली निघायची आणि डॉक्टर डोस दोन युनिटने वाढवायचे. एकदा नाना सांगू लागले, "साहेब, माले रातले चक्कर येस..." वाक्य तिथेच तुटलं, कारण कागदावर नवा डोस लिहून झाला होता. बाहेर पन्नासेक माणसं ताटकळत बसली होती.

राहिलेलं वाक्य फार मोलाचं होतं. सुई घेऊन शेतात राबलं की मध्यरात्री साखर खाली यायची, घाम फुटायचा, हात थरथरायचे. भीतीपोटी नाना त्या आठवड्यात सुईच घेत नव्हते. एचबीए१सी ही तपासणी रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. कोणत्या रात्री सुई चुकली आणि का चुकली, हे त्या आकड्यात नसतं. ते फक्त नानांना ठाऊक होतं. वाढवलेला डोस त्यांनी रात्रपाळीत मुकाट्याने घेतला असता, तर शेतातच शुद्ध हरपली असती.

रुग्णाला मध्येच तोडण्याची ही सवय जगभरची आहे. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांना आढळलं, की रुग्णाने तक्रार सांगायला घेतली की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलतात. मग रुग्णाला बोलू दिलं तर तो थांबतच नाही का? २००२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बासलच्या डॉक्टरांनी ३३५ रुग्णांना न अडवता बोलू दिलं. सरासरी वेळ लागला ९२ सेकंद, आणि दर १०० पैकी ७८ जण दोन मिनिटांच्या आत थांबले. आपल्याकडे मात्र २०१७ च्या एका जागतिक आढाव्यानुसार प्राथमिक उपचारांच्या पातळीवरची अख्खी भेटच जेमतेम दोन मिनिटांची असते. दोष एकट्या डॉक्टरांवर ढकलणं मला म्हणूनच पटत नाही.

ऐकून घेतल्याने आजारात खरंच फरक पडतो का? २०११ मध्ये फिलाडेल्फियात २९ डॉक्टर आणि त्यांचे ८९१ मधुमेही तपासले गेले. सहानुभूतीच्या चाचणीत वरचे गुण मिळालेल्या डॉक्टरांच्या ५६ टक्के रुग्णांची साखर ताब्यात होती, खालच्या गुणांच्या डॉक्टरांकडे ४० टक्के. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. पण १९८८ च्या ग्रीनफिल्ड आणि कॅप्लन यांच्या प्रयोगात मधुमेहींना भेटीआधी २० मिनिटं बसवून, त्यांचीच फाईल समजावून, काय विचारायचं याची तयारी करून घेतली होती. त्यांची हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर सरासरी १०.६ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर आली. मला हा प्रयोग सगळ्यात जवळचा वाटतो, कारण त्यात रुग्णालाच बोलतं केलं होतं.

पुढच्या खेपेला एका शिकाऊ डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढून विचारलं, "नाना, सुई कोणत्या दिवशी चुकते?" नानांनी लाईन, गहू, घाम, सगळं सांगितलं. शिकाऊ डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांना विचारून रात्रपाळीच्या आठवड्यासाठी कमी डोस वेगळा लिहून दिला आणि खिशात साखर ठेवायला सांगितली. मोठी आई आता ती पुडी बॅटरीशेजारीच ठेवते.