देणारा आणि मोजणारा: मेशिकांचे दोन ‘पुजारी’ एक नव्हेत

चित्र ठरलेलं असतं. उंच पायऱ्यांचं देऊळ, माथ्यावर पिसांचा मुकुट घातलेला माणूस, एका हातात गारगोटीची सुरी, दुसऱ्या हातात घडीचं पंचांग. तोच बळी देतो, तोच ग्रहणं सांगतो, मुलांची नावंही तोच ठेवतो आणि राजाच्या कानाशीही तोच लागतो. कल्पित साम्राज्यांच्या कादंबऱ्या, व्हिडिओ गेम, दिवाळी अंकांतले ‘गूढ अॅझ्टेक’ लेख, सगळीकडे हा एकच गृहस्थ भेटतो. मध्य अमेरिकेच्या धर्तीवर नवं जग रचणारे लेखक त्याचा आख्खा ‘विद्वान पुरोहितांचा पंथ’ करून टाकतात. मला याचा खरोखर वीट आला आहे, कारण मेशिकांच्या, म्हणजे आपण ज्यांना अॅझ्टेक म्हणतो त्यांच्या, तेनोच्तित्लान या राजधानीत (आजच्या मेक्सिको सिटीच्या जागी) ही दोन वेगळी माणसं होती. त्यांना एकत्र कोंबलं की दोघांपैकी जास्त रोचक असलेला नाहीसा होतो.

पहिला त्लामाकास्की, म्हणजे देवळातला पुजारी. दुसरा तोनालपोव्की. याला मराठीत कुणी ज्योतिषी म्हणतं, कुणी भविष्यवेत्ता. दोन्ही शब्द मला खटकतात. का, ते पुढे येईलच.

त्लामाकास्की वाचकाला ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगते. अंगाला काजळी फासलेली, केस न कापलेले आणि रक्ताने चिकटलेले. मॅगेच्या, म्हणजे घायपाताच्या जातीतल्या रोपाच्या काट्याने स्वतःचे कान आणि पोटऱ्या टोचून रक्त वाहायचं, रात्री उठून धूप जाळायचा, शंख फुंकायचे, अग्नी विझू द्यायचा नाही. शिक्षण काल्मेकाक नावाच्या कडक शिस्तीच्या शाळेत. मेक्सिको सिटीत कॅथेड्रलच्या मागे स्पेनच्या सांस्कृतिक केंद्राच्या तळघरात तिचे अवशेष जमिनीखाली पाहता येतात. मुख्य देवळावर विट्सिलोपोच्त्ली आणि त्लालोक या दोन देवांची जोड गर्भगृहं, म्हणून सर्वोच्च पुजारीही दोन, आणि दोघांची पदवी केत्साल्कोआत्ल. हृदय काढण्याचा विधी यांच्याकडचा. त्यावर लिहिणाऱ्यांची कमी नाही, मी जागा घालवत नाही.

आता दुसरा. त्याच्यासाठी आधी दोन क्रियापदं पाहू, कारण फरक नावांतच आहे. मेशिकांच्या नावात्ल भाषेत ‘माका’ म्हणजे देणे. त्लामाकास्की म्हणजे देणारा: देवाला धूप, लाव्हे पक्षी, रक्त, झोप, सगळं देणारा. ‘पोवा’ म्हणजे मोजणे, आणि त्याच शब्दाचा अर्थ वाचणे आणि कथन करणेही. ‘तोनाल्ली’ म्हणजे सूर्याची ऊब, त्यावरून दिवस, आणि त्यावरूनच माणसाच्या अंगात जन्मासोबत उतरणारा वाटा, त्याचा पिंड म्हणा हवं तर. तोनालपोव्की म्हणजे हा वाटा मोजून वाचून दाखवणारा.

त्याचं मोजमाप २६० दिवसांचं. एक ते तेरा आकडे आणि वीस चिन्हं एकत्र फिरतात. एक मगर, दोन वारा, तीन घर, चार सरडा, असं करत तेरा बोरूपर्यंत गेलं की आकडा पुन्हा एकवर येतो पण चिन्ह पुढेच सरकतं: एक जग्वार. तेरा वीस २६०. आपल्याकडे आठवडा आहे, पंधरवडा आहे, म्हणून या तेरा दिवसांच्या गटाला मी तेरवडा म्हणते. असे वीस तेरवडे. या मोजणीचं पुस्तक म्हणजे तोनालामात्ल: अंजिराच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद, घड्या घातलेला, पंख्यासारखा उलगडणारा.

आकाश यात कुठेही नाही. चंद्राची तिथी, सूर्याचं संक्रमण, ग्रह, नक्षत्र, यांपैकी काहीही न पाहता मोजणी चालते. म्हणून ‘ज्योतिषी’ चुकीचं. ज्योती म्हणजे आकाशातले दिवे, आणि हा माणूस वर बघतच नाही. सोळाव्या शतकात नावात्ल वृद्धांना विचारून बारा भागांचा प्रचंड ग्रंथ तयार करणारा फ्रान्सिस्कन पाद्री बेर्नार्दिनो दे साआगुन या विद्येचा कट्टर विरोधक होता, पण ही ताऱ्यांवरची विद्या नव्हे हे त्यानेही नोंदवलं. विरोधकाला कळलं ते चाहत्यांना अजून कळत नाही.

आता तो प्रसंग बघा जिथे दोघांमधला फरक डोळ्यांना दिसतो. घरात मूल जन्मलं आहे. सुईणीने नाळ कापली आहे. मुलगा असेल तर नाळ रणभूमीत पुरायला योद्ध्यांच्या हाती जाणार, मुलगी असेल तर चुलीपाशी. घरचे लोक तोनालपोव्कीला बोलावतात. तो आला की पहिला प्रश्न वेळेचा: मूल नेमकं कधी झालं? मध्यरात्रीच्या आधी असेल तर आदल्या दिवसाचं, नंतर असेल तर पुढच्या दिवसाचं, आणि ऐन मध्यरात्री असेल तर दोन्ही दिवसांचा वाटा त्याला मिळतो. मग तो पुस्तक उलगडतो.

समजा दिवस निघाला दोन ससा. हा फार वाईट. या दिवशी जन्मलेला दारूत बुडणार, मॅगेपासून काढलेल्या पुल्केचा गुलाम होणार, अशी साआगुनच्या वृद्धांची ग्वाही. कादंबरीतला पुजारी इथे डोळे मिटून शाप उच्चारतो. खरा तोनालपोव्की पान न उलटता बोट दोन घरं पुढे नेतो. तेरवडा एक हरणापासून सुरू झालेला: एक हरीण, दोन ससा, तीन पाणी, चार कुत्रा. चार कुत्रा उत्तम दिवस, त्या दिवशीच्या माणसाने नुसती कुत्री पाळली तरी त्याच्या घरी बरकत. मग मुलाला न्हाऊ घालून नाव ठेवण्याचा विधी जन्मदिवसाऐवजी त्याच तेरवड्यातल्या अशा एखाद्या चांगल्या दिवशी ठेवायचा. जन्म बदलत नाही, पण तोनाल्लीला आधार मिळतो. त्याचं खरं कौशल्य इथे आहे: वाईट दिवस ओळखणं सोपं, जवळचा चांगला दिवस शोधून घरच्यांना धीर देणं अवघड. म्हणून नुसतं ‘भविष्यवेत्ता’ही चुकीचं. काम झालं की त्याला जेवू घालतात, टर्की आणि वस्त्रं देऊन पाठवतात.

आणि न्हाऊ कोण घालतं? सुईण. पहाटे, घराच्या अंगणात, पाण्याला उद्देशून लांबलचक विनवण्या करत. मुलाजवळ इवलीशी ढाल आणि बाण, मुलीजवळ चाती आणि विणकामाचं सामान. साआगुनने हा सगळा सोहळा बारकाईने लिहून ठेवला आहे. त्यात देवळातला माणूस कुठेच नाही. हे वाक्य मला प्रत्येक चुकीच्या लेखाच्या कपाळावर लिहावंसं वाटतं. माणसाच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची गणना उंबऱ्याच्या आत झाली, त्लामाकास्कीशिवाय.

इथवर आलेले बरेच वाचक एक सोयीची वाटणी करून मोकळे होतात, आणि ती वाटणी पुन्हा फसवते. ती अशी: ३६५ दिवसांचं वर्ष पुजाऱ्यांचं, २६० दिवसांची मोजणी तोनालपोव्कीची. दिसायला छान. वर्षात वीस दिवसांचे अठरा महिने, प्रत्येकाचा सण ठरलेला, तोश्कात्ल तेस्कात्लिपोका देवाचा, पानकेत्सालिस्त्ली विट्सिलोपोच्त्लीचा, वर उरलेले पाच निरुपयोगी दिवस नेमोन्तेमी. हे सण देवळाकडे होते, खरंच आहे. पण २६० दिवसांच्या मोजणीवर येणारे सणही होते, आणि तेही देवळातच होत. चार ओलिन हा सूर्याचा दिवस याच मोजणीतला. त्या दिवशी भर दुपारी लहानथोर सगळे अंगातून रक्त काढून वाहत आणि त्लामाकास्की आपलं काम करत. शिवाय काल्मेकाकमध्ये २६० दिवसांची मोजणी शिकवली जाई. म्हणजे ज्ञान दोघांकडे होतं. पुस्तकही दोघांना वाचता येई.

मग फरक कशात? प्रश्न कुणाचा आहे, यात. त्लामाकास्कीच्या दिवसाची वाट कुणी बघो न बघो, तो दिवस येतोच आणि सगळ्या नगरावर येतो. कुणी जाऊन विचारलं नाही म्हणून तोश्कात्ल टळत नाही. तोनालपोव्कीचं काम मात्र कुणीतरी दार ठोठावल्याशिवाय सुरूच होत नाही. माझं मूल, माझं लग्न, माझा प्रवास. दूरच्या मुलखात माल नेणारे पोच्तेका व्यापारी निघायला एक साप हा दिवस धरत, आणि त्यासाठी दिवस वाचणाऱ्याकडे जात. तोच २६० दिवसांचा आराखडा, पण एकाच्या हातात तो नगराची हाक असतो आणि दुसऱ्याच्या हातात एका माणसाचं उत्तर.

हे आपल्या वाचकाला पटकन उमगावं, कारण गावगाड्यात गुरव आणि जोशी वेगळे होते. देवाची पूजा आणि देवळाची राखण गुरवाकडे, मुहूर्त आणि तिथी जोश्याकडे, आणि दोघांना एकच समजणारा माणूस गावात सापडला नसता. उपमा इथेच सोडते. जोश्याचं पंचांग चंद्रसूर्यावर चालतं, तोनालामात्ल चालत नाही, आणि काल्मेकाकसारखं काही गुरवाच्या वाट्याला आलं नव्हतं.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर कोदेक्स बोर्बोनिकस हे घडीचं पुस्तक बघा. ते पॅरिसला फ्रेंच राष्ट्रीय सभेच्या ग्रंथालयात आहे, त्याच्या पानांची छायाचित्रं सहज मिळतात. पहिल्या भागात तोनालामात्ल. वीसपैकी अठरा तेरवडे उरलेत, सुरुवातीचे दोन गेले. प्रत्येक पानावर मोठ्या चौकोनात त्या तेरवड्याची देवता, आणि तिच्या कडेने खाली आणि बाजूला दिवसांची छोटी छोटी घरं, ठिपक्यांनी मोजलेली. बोट ठेवून सरकवायला केलेलं पान आहे ते. आता शेवटचा भाग उघडा. तिथे घरं नाहीत, मिरवणुका आहेत. एका पानावर ५२ वर्षांनी येणारा नव्या अग्नीचा सोहळा: मधोमध आग, चार पुजारी तिच्यात लाकडांच्या मोळ्या घालताहेत, आणि कडेला घराघरांत मुखवटे लावून बसलेली भयभीत माणसं, त्यांत एक गरोदर बाई. या सोहळ्याची शेवटची वेळ १५०७ साली आली. एकच पुस्तक, एकाच भाषेतली चित्रं, पण पहिला भाग उत्तर शोधायला उघडायचा आणि शेवटचा सोहळा नीट पार पाडायला.

याच पुस्तकाच्या मधल्या एका पानावर ओशोमोको आणि सिपाक्तोनाल हे म्हातारं जोडपं आहे, ज्यांनी मोजणी शोधली असं मानत. म्हातारी भांड्यातून मक्याचे दाणे टाकते आहे, ते हवेत आहेत. म्हाताऱ्याच्या हातात मात्र धुपाटणं आणि टोचणी. मोजणारी आणि देणारा शेजारी शेजारी बसलेत, पाठीवर सारख्याच तंबाखूच्या तुंब्या. मला हे पान फार आवडतं.

बाकीचे घोळ थोडक्यात. ‘त्लामातिनी’ म्हणजे जाणता. हे तिसरं पद नव्हे, गुण आहे. साआगुनच्या ग्रंथात चांगल्या तोनालपोव्कीलाच जाणता आणि पुस्तकांचा धनी म्हटलं आहे, त्यामुळे ‘जाणत्यांचा पंथ’ कल्पून त्याला झगे शिवू नयेत. मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात १७९० साली सापडलेली सूर्यशिळा मेशिकांची आहे, मायांची नाही, आणि तिच्यावर वीस दिवसचिन्हं कोरलेली असली तरी ती बघून कुणी दिवस मोजत नव्हतं. सुमारे २४ टनांचा दगड कुणाच्या घरी नेऊन मुलाचा दिवस बघायचा? माया लोकांची ‘दीर्घ गणना’ ही वेगळी कालगणना आणि तिच्यावरून पसरलेला २०१२ चा प्रलय यांचा इथे काही संबंध नाही.

फरकाचं वजन १५२१ नंतर कळतं. तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडलं, देवळं पाडली गेली, आणि देवळावर उभा असलेला त्लामाकास्की देवळासोबत गेला. त्याला दुसरी जागाच नव्हती. मोजणीला देऊळ लागत नव्हतं. ती मध्य अमेरिकेभर पसरलेली होती आणि मेशिकांपेक्षा कितीतरी जुनी होती. ग्वातेमालातल्या सान बार्तोलोला सापडलेल्या भिंतीच्या तुकड्यांवर ‘सात हरीण’ हा दिवस लिहिलेला आहे, इसवी सनापूर्वी ३०० ते २०० च्या दरम्यानचा. ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातल्या किचे माया लोकांत, विशेषतः मोमोस्तेनांगोत, ती आजही चालू आहे. ते मेशिकांचे वंशज नाहीत, भाषा वेगळी, दिवसांची नावं वेगळी, पण तेरा आणि वीस तेच. दिवस राखणाऱ्याला तिथे आखकीख म्हणतात, दिवसांचा माणूस. पुरुषही असतात, बायकाही, आणि दीक्षा मिळते ती आठ बात्स या दिवशी.

त्यांच्याकडे घडीचं पुस्तक उरलेलं नाही. कापडी पिशवीत लाल बिया असतात. कुणीतरी घरची अडचण घेऊन येतं, समोर बसतं आणि प्रश्न सांगतं. मग मूठभर बिया पटावर ओतल्या जातात, चार चारच्या पुंजक्यांत मांडल्या जातात, आणि पहिल्या पुंजक्यावर बोट ठेवून दिवस मोजायला सुरुवात होते.