इंटससेप्शनची सोनोग्राफी (लहान मुलांमधली)

आतड्याचा एक तुकडा त्याच्या पुढच्या तुकड्यात शिरतो, सदऱ्याची बाही आतल्या आत दुमडत जावी तसा, आणि मग तो सुजून तिथेच अडकतो, याला डॉक्टर इंटससेप्शन म्हणतात. मराठीत यासाठी एकच शब्द काही रुळलेला नाही, सांगली-साताऱ्याच्या दवाखान्यांत सरळ 'आतड्यात आतडं गेलंय' असंच सांगतात आणि घरच्यांना ते लगेच कळतंही. बहुतेक वेळा लहान आतड्याचं शेवटचं टोक मोठ्या आतड्यात शिरतं. 3 महिने ते 3 वर्षं या वयात जास्त, त्यातही 5 ते 9 महिन्यांच्या बाळांत, मुलींपेक्षा मुलांत थोडं अधिक.

मूल मधूनमधून पाय पोटाशी घेऊन कळवळून रडतं, मध्येच शांत होतं, उलट्या करतं, आणि उशिरा लाल जेलीसारखी शी होते. पण रडणं, उलटी आणि रक्त ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसणारी मुलं थोडीच. बरीच मुलं नुसती मलूल पडतात, मग घरात कोण नजर लागली म्हणतं, कोण बेंबी सरकली म्हणतं, पोट चोळून घेतात, आणि वेळ जातो तो तिथेच. आता निदानासाठी पहिली तपासणी सोनोग्राफीच मानतात, कारण किरणोत्सर्ग नाही, भूल नाही, आणि सरावलेल्या हातात ती 100 पैकी 97-98 वेळा आजार पकडते.

सोनोग्राफीने हे पहिल्यांदा कोणी ओळखलं यावर मतं एकसारखी नाहीत. आजाराचं वर्णन जुनं आहे, ॲम्स्टरडॅमच्या पॉल बार्बेटचं साधारण 1674 चं धरतात. लहान मुलावरचं पहिलं यशस्वी ऑपरेशन लंडनच्या सर्जन जोनाथन हचिन्सनने 1871 मध्ये केलं, पण ते छापून आलं दोन-तीन वर्षांनी, त्यामुळे काही ठिकाणी सन वेगळा दिसतो. पाण्याच्या दाबाने आतडं मागे सरकवायच्या कामाशी कोपनहेगनच्या डॉक्टर हिर्शस्प्रुंगचं नाव 1876 पासून जोडलेलं आहे. पुढे बरीच वर्षं बेरियमचा (एक्स-रेत पांढऱ्या दिसणाऱ्या द्रवाचा) एनिमा देऊन एक्स-रेवर निदान आणि उपचार दोन्ही करायचे. सोनोग्राफीचा 1977 चा एका रुग्णाचा अहवाल सगळ्यात आधीचा म्हणून सांगतात, त्यानंतर वर्षभरातच एकात एक वर्तुळं दिसतात हे नोंदलं गेलं. पण एका रुग्णावरून पद्धत उभी राहत नाही, त्यामुळे खरी सुरुवात 1980 नंतरची धरणं जास्त पटतं: 1982 मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी पडद्यावर बघत बघत सलाइनच्या एनिमाने आतडं सोडवल्याचं मांडलं, आणि 1987 मध्ये फ्रान्समधल्या प्राक्रोसच्या गटाने 145 मुलांचा अनुभव छापला. म्हणजे निदान आणि उपचार एकाच मशीनवर, ही कल्पना खरं तर कोरियाची.

दिसतं काय, तर आडव्या छेदात गोल चकती, बाहेर काळसर कडा आणि आत पांढरट भाग, यालाच डोनट किंवा टार्गेट म्हणतात. उभ्या छेदात किडनीसारखा आकार. आत ओढली गेलेली चरबी चंद्रकोरीसारखी पांढरी दिसली आणि त्यात लिंफच्या गाठी असल्या तर शंका उरत नाही. चकतीचा व्यास साधारण 2.5 ते 3 सेंमीच्या पुढे असतो. दीड सेंमीच्या आसपासची, चरबी नसलेली चकती बहुतेक लहान आतड्यातल्या लहान आतड्याची, ती बघता बघता आपोआप सुटते, तिच्यासाठी मुलाला ऑपरेशनला नेणं चुकीचं. रिपोर्टवर नुसतं 'इंटससेप्शन' लिहून माप न लिहिणं हा या तपासणीतला सगळ्यात महागात पडणारा आळस आहे. सुजलेली आतड्याची भिंत, साठलेली शी यांनीही फसायला होतं. डॉपलरवर, म्हणजे सोनोग्राफीतल्या रक्तप्रवाह बघायच्या सोयीवर, रक्तप्रवाह दिसत नसेल, आत पाणी कोंडलं असेल तर आतडं सुटायला अवघड जाईल असं समजायचं. प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा भाग, जास्त फ्रिक्वेन्सीचा, लिनियर (सरळ पट्टीचा), आणि शोधायची सुरुवात उजवीकडून लिव्हरखाली.

आता इकडचं, सांगली-साताऱ्याचं. मिरज हे मिशन हॉस्पिटलच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून, दवाखान्यांचं गाव, तिथे 1962 पासून सरकारी मेडिकल कॉलेजही आहे, तर पाटण खोऱ्यातले लोक कराड गाठतात. जत, आटपाडी, माण इथून मात्र वाट लांबची, आणि या आजारात तास मोजले जातात. शिवाय सोनोग्राफी म्हणजे पोटुशी बाईचीच अशी समजूत, कारण प्रत्येक सेंटरवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी. त्यामुळे 'पोराची कशाला सोनोग्राफी?' हा आजीचा प्रश्न रास्तच म्हणायचा. 1994 च्या गर्भलिंग निदानबंदीच्या कायद्याने मशीन नोंदलेल्या जागी बांधलेलं असतं, ते उचलून गावोगाव नेता येत नाही, म्हणून मुलालाच मशीनपर्यंत न्यावं लागतं. बाळाच्या तपासणीला या कायद्यातला एफ फॉर्म लागत नाही, तो गरोदर बाईसाठी.

रोटाव्हायरस (मुलांना जुलाब करणारा विषाणू) लसीचा या आजाराशी संबंधही विचारला जातो. अमेरिकेत 1999 मध्ये रोटाशील्ड ही लस याच कारणाने मागे घेतली. भारतात 2016 पासून टप्प्याटप्प्याने दिली गेलेली लस वेगळी, आणि 2020 मध्ये आलेल्या इथल्या अभ्यासात तिच्यामुळे हा आजार वाढल्याचं आढळलं नाही.

निदान झालं, आतडं फुटलेलं नसलं आणि मूल शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोसळलेलं) नसलं तर तीन-साडेतीन फूट उंच बाटली टांगून सलाइन सोडतात, आतडं मागे सरकताना पडद्यावर दिसतं आणि शेवटी पाणी लहान आतड्यात शिरतं. सुटल्यावर लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची झडप सुजलेली राहते, ती चकतीसारखीच दिसते, नवख्याला वाटतं सुटलंच नाही. सुमारे 10 टक्के मुलांत ते पुन्हा अडकतं, त्यातली बरीच पहिल्या दोन दिवसांत, म्हणून मूल परत तसंच रडायला लागलं तर प्रोब परत लावायचाच.