यकृत सावरतं, पण विषाणू मुक्काम सोडत नाही

सिरॉसिस, म्हणजे तंतू साठून यकृत कठीण होणं, झाला की परतीची वाट बंद, असं डॉक्टरही वर्षानुवर्षं मानत आले. २०१३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने ही समजूत मोडली. हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूचा जुनाट संसर्ग असलेल्या, टेनोफोव्हिर हे औषध घेणाऱ्या रुग्णांची बायॉप्सी (यकृताचा छोटा तुकडा काढून तपासणी) उपचारांच्या सुरुवातीला आणि पाच वर्षांनी अशी दोनदा केली. आधी सिरॉसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांच्या यकृतात तो पाच वर्षांनी दिसला नाही! मला हा आकडा आजही थक्क करतो.

हे घडतं कसं? औषध विषाणूच्या प्रती काढणारं एन्झाइम अडवतं. नव्या प्रती थांबल्या की यकृताची सूज उतरते, आणि वर्षानुवर्षं साठलेले तंतू यकृत स्वतःच हळूहळू विरघळवू लागतं.

मूळ विषाणू मात्र जात नाही. त्याच्या डीएनएचं बंद कडं यकृतपेशींच्या केंद्रकात तसंच राहतं, आणि आजच्या गोळ्या तिथवर पोचत नाहीत. रक्तात सापडणारं विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन (प्रतिजन), म्हणजे एचबीएसएजी, नाहीसं होण्याचं भाग्य वर्षाला शंभरात जेमतेम एखाद्याला लाभतं. म्हणून ‘व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) सापडत नाही’ असा रिपोर्ट आला की लोक गोळी बंद करतात, याची मला फार काळजी वाटते. दबलेला विषाणू उसळतो, आणि सिरॉसिसच्या रुग्णात तेवढ्याने यकृत निकामी होऊ शकतं.

दीर्घकाळ उपचार शक्य झाले ते नव्या औषधांमुळे. १९९८मध्ये आलेल्या लॅमिव्ह्युडिनला पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांमधले विषाणू दाद देईनासे होत. पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्यांत एन्टेकाविर या नव्या औषधाबाबत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आहे. टेनोफोव्हिरच्या जुन्या प्रकाराने काहींची किडनी आणि हाडं कमजोर होतात, त्यामुळे तपासण्या चुकवायच्या नाहीत.

कर्करोगाचं काय? २००४ सालच्या चाचणीत यकृत बरंच खराब झालेल्यांपैकी लॅमिव्ह्युडिन घेणाऱ्या ३.९ टक्क्यांना, तर नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या ७.४ टक्क्यांना यकृताचा कर्करोग झाला. धोका घटला, संपला नाही. सिरॉसिस होऊन गेलेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहायचं, रिपोर्ट कितीही चांगले असले तरी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२मध्ये जगात २५.४ कोटी लोकांना हा जुनाट संसर्ग होता. त्यातल्या फक्त १३ टक्क्यांचं निदान झालं होतं, आणि उपचार मिळत होते जेमतेम ३ टक्क्यांना.